जुना हॉट रॉड त्याच्या काळातल्या रूपात परत उभा करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लॉस एंजेलिसच्या पूर्वेला राहतो. गेली काही वर्षं घरच्या गॅरेजमध्ये १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरचं (पक्कं छत नसलेली उघडी गाडी) काम चाललंय. ही गाडी चाळीसच्या दशकात कुणीतरी हॉट रॉड म्हणून बांधली होती, मग सत्तरच्या दशकात दुसऱ्या कुणीतरी तिचं रूपच बदलून टाकलं, आणि मी तिला परत १९४८ ला न्यायचा प्रयत्न करतोय. पुण्याहून, नाशिकहून, इथल्या मित्रांकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हॉट रॉड म्हणजे नक्की काय? व्हिंटेज कारच ना?

नाही, आणि हा फरक आधी समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. व्हिंटेजवाला माणूस गाडी कंपनीतून जशी निघाली तशी परत करतो. हॉट रॉड ही मुळातच कंपनीची गाडी राहिलेली नसते. तीसच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुनी मॉडेल टी किंवा मॉडेल ए स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढायची, बॉनेट काढायची, वजन जाईल तेवढं घालवायची, भंगारातून मोठं इंजिन आणून बसवायची आणि मोहावीच्या वाळवंटातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर पळवायची. तिथली जमीन तव्यासारखी सपाट. म्युरॉक हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं तळं, ते पुढे लष्कराने घेतलं आणि आज तिथे एडवर्ड्स एअर फोर्स बेस आहे. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, एससीटीए म्हणतात ती, आणि ती अजून चालू आहे. मग युद्ध आलं, पोरं परत आली तेव्हा विमानांवर, रणगाड्यांवर काम करून हात तयार झालेले, लष्कराचं उरलेलं सामान बाजारात कवडीमोल. बिल बर्क नावाच्या माणसाने तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाची जादा पेट्रोलची टाकी घेतली आणि तिचीच गाडी केली! जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९४९ मध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या शर्यतींचा आठवडा, झाला. मी १९४८ का धरलं ते यावरून कळेल.

‘त्या काळातलं’ म्हणजे काय? जुनं दिसलं की झालं ना?

इथेच बहुतेक लोक घसरतात. जुनं दिसणं वेगळं आणि एका ठराविक सालातलं असणं वेगळं. माझं सांगणं एकच आहे, सगळ्यात आधी साल ठरवा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. त्यानंतर प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारायचा, त्या सालातल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला हा पार्ट मिळाला असता का, आणि त्याने तो कशासाठी लावला असता?

उदाहरण देतो. १९५० च्या पाँटियाकचे गोल टेललाइट हॉट रॉडवर फार सुंदर दिसतात, सगळे लावतात, पण माझ्या गाडीला ते लावता येत नाहीत कारण १९४८ मध्ये ते बनलेच नव्हते. मग मी १९३९ च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे घेतले, ते त्या वेळी कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळाले असते. तसंच केबल टायचं, प्लास्टिकची ती पट्टी १९५८ मध्ये आली, त्यामुळे १९४८ च्या गाडीत वायरी बांधायला कापडी टेप आणि पत्र्याच्या क्लिपा. डॅशबोर्डखाली डोकावल्याशिवाय कुणाला दिसत नाही हे खरं, पण मला माहीत असतं.

आणि कारण समजलं की पार्ट आपोआप बरोबर निवडला जातो. पुढचे टायर बारीक आणि मागचे मोठे का? लोकांना वाटतं स्टाइल. मोठ्या चाकाने गिअरिंग उंच होतं, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते आणि तळ्यावर टॉप स्पीड वाढतो. पुढचे ५.५०, मागचे ७.००, दोन्ही सोळा इंची रिमवर. गाडीचं नाक खाली झुकलेलं दिसतं ते यानेच, आणि थोडं पुढच्या ड्रॉप एक्सलमुळे, म्हणजे नाक खाली बसावं म्हणून वाकवलेल्या एक्सलमुळे.

तुमच्या गाडीत आधी काय काय होतं हे कसं शोधलंत? फोटो होते का?

एकही फोटो नव्हता. गाडीनेच सांगितलं. घरी आली तेव्हा भडक केशरी रंग, पुढे शेवरोलेचं ३५० इंजिन, रुंद मॅग व्हील. दरवाजाच्या आत जिथे दिसत नाही तिथे एक रुपयाएवढी जागा घेतली आणि पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू गोल घासत गेलो, मध्ये जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडात कडी दिसतात तसे थर उघडत गेले, केशरी, त्याखाली राखाडी प्रायमर, मग पांढरा, मग एक गडद मरून आणि अगदी तळाला फोर्डचा मूळ रंग. मरूनवर लॅकर थिनरचा बोळा दाबून धरला तर रंग बोळ्याला लागला, म्हणजे तो लॅकर (थिनर उडून वाळणारा जुना रंग) होता, कारण इनॅमल वाळून पक्कं झालं की थिनरने असं सुटत नाही. माझा हा मरूनच.

मग डॅशबोर्ड. वर रेक्झिन चिकटवलेलं होतं, ते गरम हवेने सोडवलं आणि खाली पत्र्याचे गोल तुकडे वेल्ड करून बुजवलेली दोन मोठी आणि तीन छोटी भोकं निघाली. स्टुअर्ट-वॉर्नरच्या मीटरचे डायल मापाला बरोबर बसतात तिथे! त्या रात्री मी जेवायला घरात गेलोच नाही. फायरवॉलवर जुन्या पेट्रोल पाइपची भोकंही अशीच सापडली. त्यामुळे माझा आग्रह आहे की गाडी आणली की लगेच ब्लास्टिंगला देऊ नका, सँडब्लास्टिंगने एका तासात सगळा इतिहास उडून जातो. आधी महिनाभर नुसती बघा, मापं घ्या, फोटो काढा.

कुठलं इंजिन घ्यावं? चालू शेवरोले काढून जुनं फोर्ड बसवण्यात काय अर्थ आहे?

शेवरोलेचा छोटा व्ही-एट (व्ही आकारात बसवलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन) आला १९५५ मध्ये, २६५ क्युबिक इंचाचा, आणि तो आल्यावर काही वर्षांत सगळ्यांनी फोर्डचं इंजिन सोडलं. वाईट इंजिन अजिबात नाही. पण १९४८ मध्ये हॉट रॉड म्हटलं की फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-एट. १९३२ मध्ये आला तेव्हा २२१ क्युबिक इंच आणि ६५ हॉर्सपॉवर, आणि सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-एट देणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. मी घेतलंय ५९एबी, १९४६ ते ४८ चं, २३९ क्युबिक इंच, म्हणजे ३.९ लिटर, कंपनीतून १०० हॉर्सपॉवर. पुढचं ८बीए कार्समध्ये १९४९ ला आलं, दुरुस्तीला ते सोपं, बेल हाउसिंग वेगळं, डिस्ट्रिब्युटर हाताला येतो, त्यामुळे ज्यांचं साल पन्नासच्या पुढचं आहे त्यांनी बिनधास्त तेच घ्यावं.

फ्लॅटहेड फार तापतो म्हणे. खरंय का?

खरंय, आणि त्याचं कारण डिझाइनमध्येच आहे. यात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्येच, तेही व्हीच्या आतल्या बाजूला. एक्झॉस्ट मात्र बाहेरच्या बाजूने काढायचा, म्हणजे जळलेला गरम वायू सिलिंडरच्या मधून, आख्ख्या ब्लॉकमधून वाट काढत बाहेर येतो आणि आजूबाजूचं पाणी तापवत जातो. शिवाय मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच वाट, आठ सिलिंडर आणि एक्झॉस्टची तोंडं सहाच. म्हणून फोर्डने दोन वॉटर पंप दिले, दोन थर्मोस्टॅट दिले.

पण रस्त्यावर जे फ्लॅटहेड उकळतात त्यातल्या बऱ्याचशांचा दोष डिझाइनचा नसतो, आतल्या घाणीचा असतो. कास्टिंग करताना साच्यातली वाळू वॉटर जॅकेटच्या कोपऱ्यात राहून गेलेली असते आणि त्यावर सत्तर-ऐंशी वर्षांचा गंज. मी ब्लॉक केमिकलच्या टाकीत बुडवून आणला, तरी नंतर जाड तार वाकवून प्रत्येक भोकातून खरवडत बसलो तेव्हा पत्र्याचा एक डबा भरून वाळू, गंज आणि साच्यातल्या तारांचे तुकडे निघाले. ही दोन दिवसांची मेहनत कुठल्याही महागड्या रेडिएटरपेक्षा जास्त काम करते. आज उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी काटा शांत असतो.

ब्लॉक घेताना काय बघायचं?

तडे. व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे जाणारा तडा आणि हेडच्या स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकाकडे जाणारा तडा, हे नेहमीचे. यातला दुसरा लहान असेल तर पिन मारून दुरुस्त होतो, पहिला जास्त गंभीर. डोळ्याने कळत नाही, मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीने तडे दाखवणारी तपासणी) करून घ्या आणि प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि हे सगळं बोअर मारायच्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करायच्या आधी. हे ठासून सांगतोय कारण माझा पहिला ब्लॉक असाच गेला. मशीन शॉपवाल्याने आधी बोअर मारला, व्हॉल्व्ह सीट बसवल्या, आणि मग प्रेशर टेस्टला लावला तर सिलिंडरच्या भिंतीतून पाणी. पैसे पूर्ण घेतले. तेव्हापासून मी लिहून देतो, आधी टेस्ट, रिझल्ट मला फोनवर सांगायचा, मग पुढचं काम.

स्पीडचं सामान कुठलं लावलंत?

ॲल्युमिनियमचे हाय कॉम्प्रेशन हेड, दोन कार्बोरेटर बसतील असा मॅनिफोल्ड आणि थोडा जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम. १९४८ चा पोरगा पगारातून साठवून एवढंच घेऊ शकला असता. व्हिक एडलब्रॉक, एड इस्केंडेरियन, बार्नी नॅव्हारो ही मंडळी तेव्हा इथेच लॉस एंजेलिस भागात छोट्या छोट्या दुकानांतून हे सामान बनवत होती, त्यातले बरेच जण स्वतः तळ्यावर गाडी पळवायचे, त्यामुळे शनिवार-रविवारी जे मोडलं ते सोमवारी सुधारून विकायला यायचं. हे मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात आवडतं.

कार्बोरेटर स्ट्रॉमबर्ग ९७. नावातला ९७ म्हणजे व्हेंच्युरीचं, म्हणजे आतल्या हवेच्या अरुंद वाटेचं माप, ०.९७ इंच. हे मुळात तीसच्या दशकातल्या फोर्डवरच यायचे म्हणून भंगारात ढीगभर मिळायचे. याबाबत एक महत्त्वाचं, याला पेट्रोलचं प्रेशर कमी लागतं, दोन-अडीच पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) बास. लोक आजचा इलेक्ट्रिक पंप लावतात, तो पाच-सहा पीएसआयने ढकलतो, फ्लोटची सुई दाब धरू शकत नाही, पेट्रोल वाहतं आणि मग म्हणतात ९७ गळके असतात. रेग्युलेटर लावा. आणि इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप त्याने फुगतात, ते सगळे नवीन घ्या, यात जुन्याचा हट्ट धरायचा नाही.

वायरिंग सहा व्होल्ट ठेवलंत की बारा?

सहा, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, फोर्डने १९५५ पर्यंत तेच ठेवलं होतं. ‘सहा व्होल्टवर स्टार्टर दमतो’ अशी तक्रार असते तिथे आधी केबल बघा. व्होल्टेज निम्मं म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, आणि लोक बारा व्होल्टची बारीक बॅटरी केबल लावून ठेवतात. जाड केबल आणि स्वच्छ घासलेली अर्थ, प्रश्न मिटतो. वायरवर बाहेरून कापडी वेणी आणि आत आजचं प्लास्टिक इन्सुलेशन असं मिळतं, तेच घ्या. फ्यूज मी जास्तीचे टाकलेत, सीटखाली.

ब्रेक?

मॉडेल एचे ब्रेक सळ्यांचे, मेकॅनिकल. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले १९३९ पासून आणि पोरांनी ते लगेच उचलून जुन्या गाड्यांना बसवले, त्यामुळे १९४० चे ड्रम ब्रेक हे १९४८ ला शंभर टक्के बरोबर आहे आणि थांबतातही व्यवस्थित. फक्त मास्टर सिलिंडर मी आजचा दोन सर्किटवाला घेतलाय. एक लाइन फुटली तरी दुसरी दोन चाकं थांबतात. पायाखालच्या फळीखाली आहे, दिसत नाही, आणि दिसला असता तरी लावला असता. कमरेचे पट्टेही आहेत, युद्धानंतर विमानातले पट्टे उरलेल्या सामानात मिळायचे तसल्या धाटणीचे, पण विणकाम नवीन. माझी मुलगी शेजारी बसते.

पत्र्याचं काम पुट्टीने केलं की शिश्याने?

शिश्याने, आणि हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आजच्यासारखी प्लास्टिकची पुट्टी तेव्हा नव्हती, खड्डा किंवा जोड भरायचा तर शिसं. आपल्याकडे ज्यांनी कल्हईवाला बघितलाय त्यांना अर्धं काम आधीच समजेल. पत्रा आधी लख्ख घासायचा, गरम करायचा, फ्लक्स लावून त्यावर कथलाचा पातळ थर पुसून घ्यायचा, पातेल्याला कल्हई धरते तशी ती चांदीसारखी चमक पत्र्यावर पसरली की समजायचं पकडलं. जिथे काळा ठिपका राहिला तिथे पुढे शिसं धरणार नाही, फोड येणार. मग शिश्याची कांडी, माझी ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसं अशी होती. हिची गंमत म्हणजे ती एकदम पाणी होत नाही, बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात लोण्यासारखी मऊ राहते, आणि तेवढ्या वेळात मेण लावलेल्या लाकडी पट्टीने ती हवी तशी लिंपायची. ज्वाला जास्त झाली की सगळं ओघळून जमिनीवर. माझा पहिला दरवाजा तीनदा ओघळला. चौथ्यांदा कानाने अंदाज आला, ज्वाला दूर नेली की मऊ शिसं पट्टीखाली किंचित करकरतं, तेव्हा थांबायचं.

धोका मात्र नीट लक्षात घ्या. शिसं विषारी आहे. ते ग्राइंडरने किंवा मशीनच्या सँडरने अजिबात घासायचं नाही, धूळ उडते. हाताच्या कानशीने काढायचं, कीस खाली कागदावर पडतो तो गोळा करायचा, मास्क घालायचा, कपडे वेगळे धुवायचे आणि लहान मुलं त्या दिवशी गॅरेजमध्ये नकोत. हे पाळणार नसाल तर आधुनिक फिलर वापरा, रंगाखाली कुणाला कळत नाही.

रंग लॅकरच मारला का?

नाही. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर इथे हवेच्या नियमांमुळे मारणं अवघड आहे, आणि तो उन्हात तडकतोही. मी सिंगल स्टेज युरेथेन घेतला, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात, वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही, आणि हाताने घासून पॉलिश केला. क्लिअर कोटची काचेसारखी खोली चाळीसच्या दशकातल्या गाडीवर लगेच खटकते. ज्वाळांची डिझाइनं, कँडी कलर हे सगळं प्रामुख्याने पन्नासच्या दशकातलं, सुंदर आहे, पण माझ्या सालात नाही.

कागदपत्रांचं काय बघायचं?

विकत घ्यायच्या आधी नंबर. या काळच्या फोर्डवर नंबर इंजिनशी जोडलेला असायचा आणि इंजिन तर आत्तापर्यंत तीनदा बदललेलं असतं. मॉडेल एच्या चासीवर डाव्या पट्टीच्या वरच्या बाजूला तोच नंबर ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली झाकलेला, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. विकणारा उचलू देत नसेल तर मी पुढे जात नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) नाही, ही मोठी सोय आहे.

भारतात हे करता येईल का? आजोबांची जुनी फोर्ड पडून आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात अशा गाड्या आहेत, फोर्डने १९२६ मध्ये तिथे कंपनी काढली होती आणि मुंबईत गाड्या जोडल्या जायच्या. पण नियम हॉट रॉडच्या विरुद्ध आहेत. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते, पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नको. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. म्हणजे इंजिन बदललेली, मडगार्ड काढलेली गाडी रस्त्यावर कायदेशीर होणं कठीण.

आणि खरं सांगू का, करता आलं असतं तरी मी नको म्हटलं असतं. इथे मॉडेल ए लाखोंनी बनल्या, पत्र्याच्या नवीन बॉडीसुद्धा मिळतात, ओहायोमध्ये ब्रुकव्हिल नावाची कंपनी त्या बनवते. आपल्याकडे आजोबांची फोर्ड एकच आहे. ती जशी आहे तशी चालती करा, तिचं मडगार्ड सांभाळून ठेवा, तिच्यासाठी चांगला जुना मिस्त्री शोधा. मी हौसेने मदत करीन, पार्ट शोधून देईन.

खर्च किती येतो?

सगळ्यात जास्त इंजिनला. फ्लॅटहेड नीट बांधून घेण्याच्या खर्चात नवंकोरं तयार शेवरोले इंजिन येऊन वर पैसे उरतात. बाकी पत्रा, वायरिंग, ब्रेक स्वतः केलं तर मुख्यतः वेळ जातो. वही ठेवा, प्रत्येक बोल्ट लिहा.

अशा गाड्या प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

कॅलिफोर्नियात येणार असाल तर पोमोनाला वॉली पार्क्स एनएचआरए म्युझियम (एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संस्था) आहे, आणि हिवाळ्यात तिथेच ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो, ओकलंडला सुरू झालेला हाच तो शो. ऑगस्टमध्ये वेळ असेल तर युटाला बॉनव्हिल. पण मला विचाराल तर एल मिराजला जा, तेही मोहावीतलं असंच कोरडं तळं. म्युरॉक गेल्यावर लोक तिथे पळवायला लागले आणि मे ते नोव्हेंबर अजून एससीटीएच्या शर्यती तिथेच होतात, त्याच मातीवर, गाडीमागे तोच धुळीचा लोट. सकाळी लवकर पोचा, पाणी भरपूर घ्या, टोपी घ्या, सावली कुठेच नाही. मला आधी कळवा, मी आलो असलो तर मरून रोडस्टर पार्किंगच्या शेवटच्या रांगेत उभी असेल, या, बॉनेट नाहीच आहे त्यामुळे इंजिन उघडंच दिसेल.